फौज परत आणायचीय? मग या सूचना वाचाच!

परवा आमच्या भागातल्या व्याख्यानमालेत एका संरक्षण अभ्यासकांचं भाषण ऐकलं. पडद्यावर ऑगस्ट 2021 मधला काबूलचा विमानतळ, विमानाला लोंबकळणारी माणसं, आणि ‘बघा ही महासत्तेची अब्रू!’ टाळ्या. मग अर्ध्या मिनिटात 1990 ची श्रीलंका: आपली शांतिसेना कशी शिस्तीत, मानाने परतली. पुन्हा टाळ्या. मी चिठ्ठी पाठवली, ‘आपण निघाल्यावर तिथल्या लोकांचं काय झालं?’ अध्यक्षांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि वेळेअभावी थेट आभारप्रदर्शन सुरू झालं.

एवढी सोपी विद्या अशी खिशात राहू नये म्हणून हा खटाटोप. उद्या तुमच्यावरही दुसऱ्याच्या प्रांतातून फौज काढायची वेळ आली, तर गोंधळू नका.

आधी मुळात जायचं कसं ते बघा. 29 जुलै 1987 ला भारताने श्रीलंकेशी केला तसा एक करार करा. ज्यांच्या हातात बंदूक आहे त्या लिट्टेची, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या बंडखोरांची, त्यावर सही घेऊ नका. बंदुका खाली ठेवायला त्यांना आपण लावू, असा शब्द मात्र कोलंबोला देऊन टाका. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ज्यांना वाचवायला गेलात त्यांच्याच गल्ल्यांत लढत असाल. ऐन दिवाळीत जाफन्याच्या इस्पितळात डॉक्टर, नर्स आणि रुग्ण तुमच्या गोळ्यांनी मेले, तर त्याला गैरसमज म्हणा.

मग निवडणूक घ्या. नोव्हेंबर 1988 मध्ये उत्तर-पूर्व प्रांतात घेतली तशी. उत्तरेत तर विरोधात कोणी उभंच नव्हतं, त्यामुळे मतदारांना उन्हात यावंही लागलं नाही. आपल्या बाजूच्या तमिळ संघटनेचे, ईपीआरएलएफचे, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. असं सरकार तुमची शेवटची बोट सुटेपर्यंत टिकावं अशी अपेक्षा असते, पण फार ताणू नये. पेरुमाळांनी 1 मार्च 1990 ला स्वतंत्र ईलमची, म्हणजे तमिळ राज्याची, घोषणा केली आणि त्याच महिन्यात बेट सोडलं.

निघायची तारीख मोठ्याने जाहीर करा, म्हणजे जंगलात बसलेल्यांना नियोजन सोपं जातं.

यजमान सरकार तुम्हाला हाकलण्यासाठी तुमच्याच शत्रूला चोरून शस्त्रं पुरवत असेल, तर मनाला लावून घेऊ नका. अध्यक्ष प्रेमदासांनी तेच केलं. पाहुणचाराच्या तऱ्हा असतात एकेकाच्या.

आता मुख्य सूचना. मागे कोणीतरी सोडून जावं लागतं, नाहीतर जबाबदारी सोपवली कोणाला, असं लोक विचारतात. त्यासाठी स्थानिक सेना उभारावी. तमिळ नॅशनल आर्मी असं भारदस्त नाव द्यावं. माणसं हवीत? रस्त्यावर पोरं काय कमी आहेत! 1989 मध्ये ईपीआरएलएफच्या लोकांनी शाळेच्या वाटेवरून, बसमधून, बाजारातून पोरं उचलली. मिसरूड न फुटलेली. आया छावणीच्या फाटकाशी येऊन रडायच्या, आणि आपण त्या पोरांना जेमतेम बंदूक धरायला शिकवत होतो. ट्रेनिंग आपलं, बंदुका आपल्या, गणवेश आपला. समोर कोण, तर लिट्टे. ज्यांनी आपल्या कसलेल्या पलटणींना दोन वर्षं घाम फोडला, आपले अकराशेच्या वर जवान मारले, त्यांच्यापुढे दहावीच्या वयाची मुलं! आणि मग आपण ठरल्याप्रमाणे निघालो. ऑक्टोबरअखेर पूर्वेकडचा अंपारा जिल्हा रिकामा केला. आठवडाभरात लिट्टे त्या छावण्यांवर तुटून पडली. कित्येक पोरं मारली गेली, काहींनी हात वर केले, आणि आपण दिलेल्या बंदुका लिट्टेकडे गेल्या. भारतीय करदात्याचा अहेर! बरं, यातून काही शिकून पुढची माघार थांबवली, त्या मुलांना आधी घरी पाठवलं, असं काही? छे. एका जिल्ह्यातून बाहेर पडायचं, मागे तेच होऊ द्यायचं, मग पुढचा जिल्हा. किती मेली याचा धड हिशेबसुद्धा कोणी ठेवला नाही. आपल्या बाजूने तर नाहीच. मला सांगा, हे काबूलपेक्षा वेगळं कसं? विमानाला लोंबकळताना त्यांचा कोणी व्हिडिओ काढला नाही, एवढंच ना?

असो. सूचना देतोय नाही का मी.

24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. यावर मात्र आजही तासभर तावातावाने बोलता येतं, तेव्हा हा मुद्दा राखून ठेवा.

त्यानंतर मागे वळून बघायचं नाही, ही शेवटची सूचना. बघितलंत तर जून 1990 दिसेल. लिट्टेने पूर्वेकडची पोलीस ठाणी वेढली, कोलंबोने पोलिसांना शरण जायला सांगितलं, आणि शरण आलेल्या सहाशेच्या आसपास पोलिसांना लिट्टेने मारून टाकलं. ऑगस्टात काट्टानकुडीच्या दोन मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक लोकांवर लिट्टेच्या गोळ्या. सप्टेंबरात श्रीलंकेच्या लष्कराने बट्टिकलोआजवळ विद्यापीठातल्या आश्रयछावणीतून 158 तमिळ माणसं उचलून नेली, ती परत आली नाहीत. ऑक्टोबरात लिट्टेने जाफन्यातल्या मुसलमानांना उस्मानिया कॉलेजच्या मैदानावर बोलावलं आणि दोन तासांत चालते व्हा म्हणून सांगितलं. बायकांच्या कानातलेसुद्धा उतरवून घेतले. उत्तरेतून सत्तर हजारांवर माणसं अशी बाहेर काढली.

भाषणानंतर चहाच्या वेळी मी वक्त्यांना गाठून हे विचारलं. खारी बुडवत ते म्हणाले, ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न होता हो.’

अंतर्गत? मग आपण तिथे काय करत होतो, तीर्थयात्रा? आपण राहायला हवं होतं असं मी म्हणत नाही. आपण होतो तेव्हाही तिथे काही सुखाचे दिवस नव्हते. जाणं भागच होतं, श्रीलंका तर रोज जा म्हणत होती. पण तुम्हीच निवडून आणलेल्या माणसांना, तुम्हीच गणवेश चढवलेल्या पोरांना नेऊन कुठे ठेवायचं याचा विचार निघायच्या आदल्या रात्री करायचा असतो का? आणि तुम्ही, टाळ्या वाजवणारे? शांतिसेनेची सूत्रं सुरुवातीला दक्षिण कमांडकडे, म्हणजे याच पुण्यात होती. त्या कचेरीसमोरून तुम्ही रोज गाडी दामटता. तिथे लढलेले कितीतरी जवान आपल्याच गावांत म्हातारे झाले. त्यातल्या एकाला तरी कधी बसवून विचारलंत, बाबा, तू निघालास तेव्हा मागे कोण उभं होतं? नाही. तुम्हाला अमेरिकेची फजिती बघायची असते, फुकटात, पंख्याखाली. पुढच्या वर्षी याच वक्त्यांना पुन्हा बोलावणार आहेत म्हणे, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या रांगेत रुमाल टाकून जागा धरणार. धरा. पण मग माघार, मान आणि शिस्त हे शब्द माझ्यासमोर काढू नका.