अंजनेरीच्या कड्यावर कॅमेरा हवा

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या कड्यावर गिधाडांच्या घरट्यासमोर थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा लावावा, असं मी म्हटलं की नाशिकच्या माझ्या मावसभावाचा आवाज चढतो. तो कट्टर पक्षीमित्र. "ताई, तुम्ही तिकडून बघत बसणार आणि इथली गर्दी आम्ही आवरायची," हे त्याचं म्हणणं. त्याची भीती खोटी नाही. घरट्याचं लोकेशन एकदा ग्रुपवर पडलं की भल्यामोठ्या लेन्स घेऊन माणसं कड्याच्या टोकाशी जातात. पिलं भेदरतात, आईबाप घरटं सोडून देतात. घरट्यातले फोटो आपल्याकडच्या अनेक स्पर्धा आता घेत नाहीत, ते याचसाठी. तरीही माझा आग्रह कायम आहे.

मी राहते दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला. मागचा डोंगर चढून गेलं की बिग बेअर तलाव लागतो. तिथल्या एका पाइनवर, जमिनीपासून सुमारे 145 फुटांवर, जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगलच्या, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाच्या, जोडीचं घरटं आहे. फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली या छोट्या स्थानिक संस्थेने 2015 मध्ये तिथे कॅमेरा लावला. आमच्याकडे सकाळ होते तेव्हा नाशिकला दिवेलागण झालेली असते, त्यामुळे आईचा तो रोजचा कार्यक्रम झालाय. शॅडो मासा आणून ठेवतो. जॅकी त्याचे नखाएवढे तुकडे तोडते आणि मान तिरकी करून, चोचीचा बाक पिलाला लागणार नाही अशा बेताने भरवते. हे जवळून पाहिलेल्या माणसाला 'शिकारी पक्षी' म्हणजे नुसती क्रूर नखं असं पुन्हा कधी वाटत नाही.

2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी त्यांची अंडी उबलीच नाहीत. 2025 च्या मार्चमध्ये तीन पिलं आली. मग वादळ आलं, रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दोनच पिलं दिसली. आईने फोनवर विचारलं, "एवढे लोक बघतात गं, एकालाही वर चढून त्याला वाचवावंसं वाटलं नाही?" तिथला नियम हस्तक्षेप न करण्याचा आहे. चढणाऱ्या माणसामुळे उरलेली दोन पिलंही गेली असती. मला हा नियम पटतो, पण आईचा प्रश्नही मला फार मोलाचा वाटतो. तो प्रश्न पडणारा माणूस त्या पक्ष्याचा झालेला असतो. सनी आणि गिझ्मो ही उरलेली दोन पिलं जूनमध्ये उडाली, तेव्हा आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

कॅमेऱ्याचं खरं काम मात्र पुढे आहे. या घरट्याजवळ, फॉनस्किनला, तलावाकाठी पन्नास घरांचा मून कॅम्प नावाचा प्रकल्प यायचा होता. हीच संस्था त्याविरुद्ध कोर्टात लढली. तिच्या पाठीशी फक्त गावातले चार निसर्गप्रेमी नव्हते, ते घरटं रोज बघणारी जगभरातली माणसं होती.

आता अंजनेरी बघा. काही वर्षांपूर्वी वरपर्यंत गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला. नाशिकच्या पक्षीमित्रांनी गिधाडांसाठी आणि तिथल्या दुर्मीळ कंदीलपुष्पासाठी विरोध केला. माझा भाऊ त्यात होता. पण ज्यांना रस्ता हवा होता, त्यांनी गिधाड आकाशात ठिपक्यासारखंच पाहिलेलं. 2025 च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनातल्या, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायच्या झाडांवरून वाद पेटला, तेव्हाही बोलणं झालं ते किती झाडं जाणार आणि बदल्यात किती रोपं लावणार याचंच. त्या झाडांवर राहतं कोण, हे दाखवायला कुणाकडे काही नव्हतं.

अमेरिकेकडून सगळं शिकावं, असं मी म्हणत नाही. इथल्याच किनाऱ्यालगत लॉस एंजेलिसच्या कारखान्याचं डीडीटी हे कीटकनाशक समुद्रात गेलं आणि माशांतून गरुडांच्या पोटात. कॅटलिना बेटावर 1980 पासून गरुड पुन्हा आणून सोडले, तरी अंड्यांची कवचं इतकी पातळ की वर्षानुवर्षं खरी अंडी काढून नेऊन उबवायची, घरट्यात खोटी ठेवायची आणि पिलू झाल्यावर परत आणून सोडायचं, अशी कसरत चालली. 1963 मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवर बाल्ड ईगलच्या 417 जोड्या उरल्या होत्या. डीडीटीवर 1972 मध्ये बंदी आली आणि 2021 च्या अंदाजात जोड्या 71,400 वर गेल्या. म्हणजे आधी विष थांबलं, कॅमेरे फार नंतर आले. आपल्याकडे गुरांना दिलेली काही वेदनाशामकं मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांना मारतात. त्यातल्या डायक्लोफिनॅकवर आपण गुरांसाठी 2006 मध्ये बंदी घातली, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवर 2023 मध्ये. औषधाच्या दुकानांवर लक्ष ठेवणं हे पहिलं काम, कॅमेरा दुसरं, हे भावाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण दुसरं काम दुसरं म्हणून तरी व्हावं. गर्दीचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरीतल्या वेळासला कासवांची पिलं बघायला माणसं येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, गावकरी सांगतील तिथेच उभी राहतात. घरट्यांवर पहारा त्यांचाच असतो. अंजनेरीतही तसंच हवं. लांब चोचीचं गिधाड हिवाळ्यात एकच अंडं घालतं, त्यामुळे कॅमेरा बसवायचा तो पावसाळा सरताना, जोडी घरट्याला लागायच्या आधी. घरटं असेल त्या महिन्यांत कड्याचा तेवढा भाग बंद. राखणीला गावातली पोरं, पगारावर. आणि प्रक्षेपण मराठीत, काय चाललंय ते समजावून सांगणाऱ्या माणसासकट. त्याचा पहिला पडदा कुठल्या मॉलमध्ये नको, अंजनेरी गावच्या शाळेत लावा.