डोनाह्यूचं नाव कसं विसरलात?

अमेरिकी टीव्हीवरच्या दुपारच्या टॉक शोचं सगळं श्रेय तुमच्या लेखात होस्ट ओप्रा विनफ्रीला दिलंय ते काही पटलं नाही. ओप्रा मोठीच आहे, १९८६ ते २०११ अख्ख्या अमेरिकेत शो चालवणं म्हणजे खायचं काम नाही, पण वाट पाडली ती फिल डोनाह्यूने. १९६७ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात त्याने शो सुरू केला आणि पहिलीच पाहुणी कोण तर मॅडलिन मरे ओ'हेअर, उघडउघड नास्तिक बाई, तेही त्या काळात! आणि हा माणूस माइक घेऊन प्रेक्षकांत धावायचा, समोर बसलेल्या साध्या बाईला थेट पाहुण्याला प्रश्न विचारू द्यायचा, घरी असणाऱ्या बायकांनाही राजकारण, धर्म सगळं कळतं हे त्याने धरूनच चाललं होतं. ओप्राने स्वतःच म्हटलंय की डोनाह्यू नसता तर तिचा शो झालाच नसता. नंतर जेरी स्प्रिंगर नावाच्या दुसऱ्या होस्टच्या शोमध्ये स्टेजवर मारामाऱ्या सुरू झाल्या, पाहुण्यांचा नुसता तमाशा, त्याचा मला अजूनही राग येतो. होस्टला प्रश्न विचारून गप्प बसता आलं पाहिजे हो, आताचे बरेच जण समोरच्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाहीत.