व्हॅलेरियन ही कुणाची नक्कल नव्हे

२०१७ च्या जुलैत ‘व्हॅलेरियन’ या फ्रेंच कॉमिक्स मालिकेवरचा दिग्दर्शक लुक बेसाँचा चित्रपट पडद्यावर आला. तेव्हापासून कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या गप्पांत एक मत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. ते थोडक्यात असं: व्हॅलेरियन म्हणजे ‘स्टार वॉर्स’ची फ्रेंच नक्कल. त्यातली नायिका लोरलीन शोभेची बाहुली. सगळा मामला पोरांच्या अंतराळातल्या हाणामारीचा. आणि लेखक पिएर क्रिस्तँ एकाच मालिकेवर जगलेला माणूस, जो चित्रपट पडल्यावर संपला. क्रिस्तँ ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. आता ते उत्तर द्यायला नाहीत, म्हणून त्यांची पुस्तकं जीव लावून वाचलेल्या माणसाने बोललं पाहिजे.

नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी तारखा पाहाव्यात. ‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. व्हॅलेरियनची पहिली गोष्ट ‘पिलोत’ या फ्रेंच कॉमिक्स-साप्ताहिकात ९ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाली. मधल्या साडेनऊ वर्षांत मालिकेची अर्धा डझन पुस्तकं बाजारात आली होती. ‘स्टार वॉर्स’मध्ये पुढे दिसतात तसे शिरस्त्राणाखाली भाजलेले चेहरे लपवणारे सत्ताधारी १९७१ च्या ‘हजार ग्रहांचं साम्राज्य’मध्ये आहेत, आणि द्रवात गोठवून ठेवलेला नायकही त्याच पुस्तकात आहे. चित्रकार जाँ-क्लोद मेझिएर यांनी १९८३ मध्ये एक चित्र काढलं होतं. त्यात एका अंतराळी बारमध्ये दोन्हीकडची पात्रं समोरासमोर बसली आहेत, आणि लोरलीन ‘स्टार वॉर्स’मधल्या लेयाला सांगते की आम्ही तर इथे कधीचे आहोत. मात्र ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या जॉर्ज लुकासने सगळं इथूनच उचललं, असं मी म्हणणार नाही. अंतराळातली साम्राज्यं आणि चित्रविचित्र जीव ही जुन्या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांची देणगी आहे. त्या विहिरीचं पाणी दोघेही प्यायले. फक्त क्रिस्तँ आधी प्यायले.

लोरलीनबद्दलचं विधान मला सर्वात जास्त बोचतं. ती अकराव्या शतकातल्या एका जंगलात राहणारी मुलगी. अठ्ठाविसाव्या शतकातून आलेल्या व्हॅलेरियनला ती तिथे भेटते. पुढे जादूने तिची एकशिंगी घोडी होते, त्या अवस्थेत तिला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, आणि हा माणूस काळातून प्रवास करतो हे गुपित तिच्या हाती लागतं. मग तिला मागे सोडून जायची सोयच राहत नाही. एका गोष्टीपुरतीच असायची ती, पण वाचकांनी तिला जाऊ दिलं नाही. पुढे अनेकदा व्हॅलेरियन हुकूम पाळणारा सरकारी माणूस असतो, आणि प्रश्न विचारते ती लोरलीन. १९७५ चं ‘सावल्यांचा राजदूत’ घ्या. सुरुवातीलाच राजदूतासोबत व्हॅलेरियनचं अपहरण होतं, आणि एका अवाढव्य अंतराळस्थानकात धुंडाळणं, सौदे करणं, मार्ग काढणं हे सगळं लोरलीन करते. बेसाँचा चित्रपट मुख्यतः याच पुस्तकावर बेतलेला आहे. त्याने नाव ‘हजार ग्रहां’वरून घेतलं आणि लोरलीनचं नाव शीर्षकातून गाळलं. पुस्तकांच्या मालिकेचं नाव मात्र २००७ मध्येच ‘व्हॅलेरियन आणि लोरलीन’ असं झालं होतं. तेव्हा शोभेची बाहुली कुणाला दिसली असेल, तर ती चित्रपटात दिसली असेल.

पोरांची हाणामारी? १९७२ चं ‘अल्फ्लोलोलवर स्वागत’ काढून वाचा. एका ग्रहावरचे मूळ रहिवासी अतिशय दीर्घायुषी असतात. ते सहलीला निघतात आणि हजारो वर्षांनी परततात, तोवर पृथ्वीच्या माणसांनी तिथे कारखाने उभारलेले असतात. मग या मूळ मालकांना एका राखीव तुकड्यावर हलवलं जातं आणि फुकट खाऊ नका, कामाला लागा असं सुनावलं जातं. आपल्याकडे ज्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतात त्यांचं हे चित्र आहे. हातघाई त्यात फार नाही, आणि खलनायक म्हणून बोट दाखवावं असा एकटा माणूसही नाही. हे लिहिणारा माणूस १९६८ पासून बोर्दोमध्ये पत्रकारिता शिकवत होता. त्याचं लक्ष रॉकेटपेक्षा सत्तेकडे जास्त होतं.

एकाच मालिकेचा लेखक हे मत मात्र सरळ अज्ञानातून येतं. १९७५ ते १९७७ या तीन वर्षांत क्रिस्तँ यांनी एन्की बिलाल या चित्रकारासोबत तीन अद्भुतकथा लिहिल्या, त्याही त्या काळच्या फ्रान्समध्ये घडणाऱ्या. पहिलीत लष्कराच्या प्रयोगांपायी एका खेड्यातली घरं जमीन सोडून हवेत तरंगू लागतात. दुसरी मला फार प्रिय आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव एका पर्यटन प्रकल्पाच्या पोटात जाणार असतं. गावकरी कोर्टकचेऱ्या करत बसत नाहीत. जुना गड दगडी जहाज होतो, आणि जिवंत माणसं आपल्या मेलेल्या पूर्वजांनाही सोबत घेऊन समुद्रपार निघून जातात. ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पुढे उलटू शकलो नाही. जादू इथे सुटकेची वाट म्हणून येते, कारण बाकी सगळ्या वाटा पैशाने अडवलेल्या असतात.

याच जोडीने पुढे अद्भुत पूर्ण बाजूला ठेवलं. १९७९ च्या पुस्तकात स्पेनच्या यादवी युद्धात लढलेले म्हातारे पुन्हा हत्यार उचलतात. १९८३ च्या ‘शिकारीचा बेत’मध्ये पूर्व युरोपातले थकलेले कम्युनिस्ट नेते पोलंडमध्ये शिकारीला जमतात आणि प्रत्येकाचा भूतकाळ त्याच्यासोबत येतो. बर्लिनची भिंत पडायला तेव्हा सहा वर्षं होती.

राहिलं चित्रपटाचं. तो तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही हे खरं, पण त्याची पटकथा बेसाँची होती. व्हॅलेरियनची मुख्य मालिका तर क्रिस्तँ आणि मेझिएर यांनी २०१० मध्येच स्वतः संपवली होती. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचा चेहरामोहरा बदलणाऱ्या रॉबर्ट मोझेसवर क्रिस्तँ यांचं पुस्तक आलं. चित्रपटानंतर २०१८ मध्ये स्वतःच्या प्रवासांवरचं ‘पूर्व-पश्चिम’ आलं, आणि २०१९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलचं चित्रचरित्र. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आंगूलेमच्या कॉमिक्स महोत्सवात त्यांना रेने गॉसिनी यांच्या नावाचा पटकथालेखनाचा पुरस्कार मिळाला. ‘पिलोत’मध्ये व्हॅलेरियनला पहिल्यांदा जागा दिली ती संपादक म्हणून याच गॉसिनींनी. पुरस्कार घेताना क्रिस्तँ ऐंशी वर्षांचे होते.