जोड कोणाशी लावायची?

शाळांतून समुपदेशनाचा तास ठेवण्याची ती बातमी सर्वांनीच वाचलेली होती, त्यामुळे रंकाळ्याच्या कठड्यावर टेकण्यापूर्वीच तात्यांनी तिचा समाचार घेण्यास प्रारंभ केला. तात्या बँकेतून निवृत्त झाले असले, तरी कोणताही प्रश्न थकीत कर्जासारखा दरडावूनच वसूल होतो, ही त्यांची श्रद्धा अद्याप सेवेत आहे. "आम्हाला छडीने फोडून काढले, उन्हात उभे केले; आमचे काय बिघडले?"

"ते वहिनींना विचारावे लागेल," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

डॉक्टर बालरोगतज्ज्ञ. त्यांनी हवाई बेटांपैकी कवाई बेटाची हकिकत सांगितली. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. गरिबी, दारू, आईवडिलांचे आजार अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, माणसे जोडणारी अशी मोठी झाली. आणि त्यांच्या बाबतीत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे, आजी असो, शेजारीण असो वा शिक्षक, त्यांना मनापासून जपणारे एक तरी मोठे माणूस त्यांच्यापाशी होते.

"बेटावर समुद्र, नारळ, मोकळी हवा. तेथे कोणीही सक्षम होईल," तात्यांनी निकाल दिला.

एवढा वेळ गप्प असलेले वस्ताद आता बोलले. "तात्या, नव्या पोराला मी आधी पडायला शिकवतो. मग वजन आणि तयारी पाहून जोड लावतो. पहिल्याच महिन्यात खासबागेत मोठ्या मल्लापुढे उतरवलेले पोर घडत नाही, मोडते. जोर-बैठका मी कोणाला माफ करत नाही. पण पडलेल्या पोराला जो हसतो, त्याला आधी तालमीबाहेर काढतो."

नातीचे दप्तर मी स्वतः रिक्षापर्यंत उचलून नेतो, हे त्या क्षणी सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. कवाईच्या त्या मुलांवर घरातली कामे आणि धाकट्या भावंडांची जबाबदारीही असे, असे डॉक्टरांनी पुढे जोडले, तेव्हा तर मी रंकाळ्याच्या पाण्याकडेच पाहत राहिलो.

मी विषय आमच्या शेजारच्या मुलीकडे वळवला. २०१९ च्या महापुरात तिचे घर पाण्यात गेले, त्या वेळी ती पहिलीत होती. अजूनही चार दिवस झड लागली, की ती आपली पुस्तके वरच्या फळीवर ठेवू लागते. वडील चिडत असत. आजी मात्र काही न बोलता तिच्याबरोबर पुस्तके उचलू लागली, आणि आता ती मुलगी रात्री निदान झोपते तरी.

"हेच ते लाड!" तात्या उसळले.

"पोरगी शहाणी आहे," वस्ताद म्हणाले. "पंचगंगा चढू लागली, की माझीही गादी माळ्यावर जाते."

"मग तुम्हीच आहात की, समुपदेशक कशाला हवा?"

"हाड सरकले तर मी बसवतो, मोडले तर डॉक्टरांकडे पाठवतो. पोर आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, तर त्याला माझी माती पुरणार नाही."

यावर तात्यांना उत्तर सुचले नाही, म्हणून त्यांनी शालेय फुटबॉल स्पर्धेतील वस्तादांच्या पंचगिरीचे तीस वर्षांपूर्वीचे प्रकरण उकरून काढले. तात्यांच्या मुलाची पेनल्टी तेव्हा हुकली होती आणि तात्या त्याच्याशी चार दिवस बोलले नव्हते, याची आठवण डॉक्टरांनी करून दिली. वस्तादांनी मग त्याहून जुने खाते उघडले: बँकेच्या परीक्षेत नापास झालेला एक तरुण घरी जाण्याच्या भीतीने तीन रात्री तालमीत येऊन झोपला होता आणि त्याला डबा कोण आणून देत असे, ते.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

"वस्ताद, त्या वेळी तुम्ही मला कोणताही उपदेश केला नव्हता," तात्या अखेर म्हणाले. "आणि पांढरा रस्सा खारट होता."

"तरी तिन्ही दिवस डबा पुसून परत येत होता," असे वस्तादांनी म्हणताच तात्यांनाच सर्वांत आधी हसू फुटले.