भिंतीवरचा 21 नंबर

रविवार, 6 एप्रिल 2025. डोकं तापलंय. आता लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

पायरेट्स या आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल क्लबने आपल्या पीएनसी पार्क स्टेडियममधल्या उजव्या भिंतीवरचा, जुना दिग्गज खेळाडू रोबर्टो क्लेमेंटेच्या जर्सीचा 21 नंबर काढला आणि तिथे दारूच्या कॅनची जाहिरात लावली. लोक भडकले, क्लेमेंटेचा मुलगा बोलला, तेव्हा कुठे माफी मागितली आणि नंबर परत लावायचं कबूल केलं. अनादर करायचा हेतू नव्हता म्हणे. नसेलही. पण जाहिरात ठरली, छापली, चिकटवली, आणि एवढ्या माणसांतल्या एकालाही थांबावंसं वाटलं नाही?

2013 च्या उन्हाळ्यात अप्पा सांगलीहून आमच्याकडे आले होते. पायरेट्स हे नाव त्यांना आधीपासून ठाऊक होतं, कारण 2008 मध्ये याच क्लबने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, ती बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. तेव्हापासून आमच्या घरात पायरेट्स म्हणजे 'आपले चाचे'. अप्पांनी आयुष्यभर क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलेलं. मॅचला गेल्या गेल्या त्यांनी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल मागून घेतली आणि मला कामाला लावलं. पिचर (चेंडू टाकणारा) एक, कॅचर (बॅटरमागचा) दोन, पहिल्या बेसचा तीन, दुसऱ्याचा चार, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) सहा, असे क्षेत्ररक्षकांचे नंबर पाठ केले. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्या बेसला, एका चेंडूवर दोघं बाद! अप्पांनी '6-4-3' लिहिलं आणि मांडीवर थाप मारली. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, त्याची खूण इंग्रजी 'के'; पण बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक गेला तर तो 'के' उलटा काढायचा, हे तर त्यांना इतकं आवडलं की घरी आल्यावर नातवाला तो वहीभर काढून दाखवला.

मॅचच्या आधी आम्ही क्लेमेंटे पुलावरून चालत गेलो होतो. पुलाच्या तोंडाशी त्याचा पुतळा आहे. हा कोण, म्हणून अप्पांनी विचारलं. मी सांगितलं, पोर्तो रिकोचा खेळाडू, बरोब्बर 3000 हिट्स, म्हणजे एवढ्या वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठलेला. 1972 च्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला, पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळलं, म्हणून हा स्वतः विमानात बसला. 31 डिसेंबरच्या रात्री विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडलाच नाही.

अप्पा काही बोलले नाहीत. 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर ते मित्रांबरोबर घोंगड्या आणि धान्य घेऊन ट्रकने कोयनानगरला गेले होते. पुतळ्यासमोर त्यांनी बूट काढले आणि हात जोडले. भर रस्त्यात, जर्सी घातलेल्या त्या गर्दीत. मग आत गेल्यावर मी दाखवलं, ती उजवी भिंत त्याच्या नंबरासाठी 21 फूट उंच ठेवलीय. सामना संपेपर्यंत ते मधूनमधून त्या भिंतीकडे बघत होते.

त्या भिंतीवर जाहिरात!

आता खेळाचं बोलते. यंदाच्या सीझनचे दहा सामने झाले, तीन जिंकलो. मायामीत चारपैकी तीन हरलो आणि तिन्ही अगदी शेवटच्या क्षणी हातातून गेले. शुक्रवारी घरचा पहिला सामना, समोर न्यूयॉर्कचे यँकीज, 9-4 ने मार. स्टेडियम 'सेल द टीम', म्हणजे मालकाने संघ विकून टाकावा, म्हणून गर्जत होतं, मीही घसा बसेपर्यंत ओरडले. शनिवारी पुन्हा दहा रन खाल्ले. आज अकराव्या इनिंगमध्ये टॉमी फॅमने जिंकून दिलं. हिवाळ्यात तिशी ओलांडलेले खेळाडू एकेका वर्षाच्या करारावर आणले म्हणून मी बोंबलत होते, त्यातलाच हा एक. मान्य, आज त्याने केलं. पण एका फटक्याने काय होतं? बॅटिंगमध्ये जीव नाही. रेनॉल्ड्स आणि क्रूझ सोडले तर समोरच्या पिचरला घाम फुटेल असं कोण आहे? मॅककचनवर माझा जीव आहे, पण 38 वर्षांच्या माणसाच्या खांद्यावर किती टाकायचं?

आणि आपल्याकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर आहे, याचंच जास्त वाईट वाटतं. गेल्या वर्षी आला, 1.96 चा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी दोनही रन नाहीत, वर्षातला सर्वोत्तम नवोदित. यंदा त्याचा पगार 8,75,000 डॉलर. एवढ्या स्वस्तात असा पिचर पदरात पडल्यावर उरलेला पैसा बॅटरांवर लावायचा, हे कुणालाही कळतं. 2029 च्या सीझननंतर तो क्लबच्या हक्कातून मोकळा होईल आणि जाईल. एकेक वर्ष वाया चाललंय.

हे आपण एकदा बघितलंय. 2013 च्या त्या उन्हाळ्यात गेरिट कोल नवाकोरा होता. आम्ही गेलो त्या दिवशी पिचिंग त्याचंच होतं. अप्पा म्हणाले, "या पोराचा खांदा बघ गं, देवानं दिलाय." त्याच वर्षी सलग वीस पराभूत सीझनांचा फेरा तुटला, 94 सामने जिंकलो, ऑक्टोबरात प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, सिनसिनाटीच्या रेड्सना हरवलं तेव्हा मी सांगलीला फोन लावून नुसती रडले. आणि 2018 च्या जानेवारीत कोलला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोजकडे पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन. "विकलं होय गं त्या पोराला?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे यँकीजनी त्याला 32.4 कोटी डॉलर दिले.

लहान शहर आहे, टीव्हीचा पैसा कमी येतो, लॉस एंजेलिसच्या श्रीमंत डॉजर्ससारखं उधळता येत नाही. ठीक आहे, खरंय. पण बॉब नटिंग 2007 पासून मालक आहेत आणि तेव्हापासून हेच कारण ऐकतेय. 2015 नंतर एकदाही प्लेऑफ नाही. माझ्या शेजारची आजी आपण जिंकलेली 1979 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, काल झाल्यासारखी सांगते. त्यानंतर सांगायला तिच्याकडे काही नाही.

मॅनेजर शेल्टनला काढा म्हणून सगळे मागे लागलेत. काढा हवं तर. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे नाहीत.

मघाशी कपाटातून अप्पांचं ते स्कोअरकार्ड काढलं. पेन्सिल फिकट झालीय, पण कोलच्या नावापुढचे 'के' अजून वाचता येतात, त्यातले दोन उलटे. कोपऱ्यात अप्पांनी मराठीत लिहून ठेवलंय, 'भिंत 21 फूट'. ते जाऊन आता चार वर्षं होतील. जाण्याआधीच्या रविवारीही फोनवर विचारलं होतं, आपले चाचे काय म्हणतायत.

माझा मुलगा म्हणतो, आई, एवढा राग येतो तर बघू नकोस ना. त्याला काय सांगू. या आठवड्यात सेंट लुईसचा कार्डिनल्स संघ खेळायला येतोय, दोन तिकिटं काढलीत. लवकर निघणार आहोत, पुलावरून चालत जायचंय. पुतळ्यापाशी थांबायचं आणि आत गेल्यावर आधी उजवी भिंत बघायची, नंबर लागलाय का.