कुणाच्या टॅक्सवर?

गणपतीत दादरला ताईकडे होते. आरती झाली, पानात मोदक पडले आणि भावजींनी विषय काढला. "आमच्या टॅक्सवर ही मुलं शिकणार आणि विमानात बसून चालती होणार!" बोलणं आयआयटीवाल्यांबद्दल, नजर माझ्याकडे. मी आयआयटीतली नाही, तरी बाण बरोबर लागला. मुंबईत अनुदानित, म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देतं अशा कॉलेजात वर्षाला चार-पाच हजार भरून बीएस्सी केलं आणि 2010 साली एमएसला जर्मनीत स्टुटगार्टला आले. शिकले ती दोन सरकारांच्या पैशांवर.

भावजींचं पुढचं वाक्यही ठरलेलं. "जर्मनीत बघा, सगळं फुकट."

ते अर्धंच खरं. 2005 साली तिथल्या घटना न्यायालयाने राज्यांना फी लावायची मोकळीक दिली आणि सात राज्यांनी ती लावली. मी आले तेव्हा आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये सत्राला 500 युरो होते, जर्मन मुलांनाही. विद्यार्थी रस्त्यावर आले, सरकारं बदलली आणि एकेका राज्याने फी मागे घेतली. आमच्याकडे 2012 साली गेली, लोअर सॅक्सनीत सगळ्यात शेवटी, 2014 साली. पण 2017 पासून आमच्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला 1500 युरो पडतात. हा निर्णय हिरव्या पक्षाच्या मंत्रिणीचा. भावजींचं आणि तिचं छान जमलं असतं.

जर्मनीतला माझा शेजारी इलेक्ट्रिशियन आहे. स्वतःचा धंदा काढायला त्याला 'माइस्टर' ही परीक्षा द्यावी लागली. सरकारी मदत धरूनही त्या शिक्षणापायी बरेच युरो खिशातून गेले. तो म्हणतो, "डॉक्टरची मुलगी माझ्या टॅक्सवर डॉक्टर होते, आणि मी माझ्याच कामाचं शिक्षण पैसे मोजून घेतो." त्यात तिथे चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, त्यामुळे विद्यापीठात कोण पोचणार हे बरंचसं घर बघूनच ठरतं. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही मला खटकतं ते मुंबईतलंच. भाची बीएस्सी आयटी करते, मी शिकले तशाच एका कॉलेजात. खालच्या मजल्यावर फिजिक्स, केमिस्ट्री, म्हणजे अनुदानित. वरच्या मजल्यावर आयटी, बीएमएस, म्हणजे सेल्फ-फायनान्स, विनाअनुदानित; सगळा खर्च मुलांच्या फीतून. लायब्ररी एक, कँटीन एक, पदवीवर मुंबई विद्यापीठाचाच शिक्का, आणि फी सहा-सात पट. तिला शिकवणारे सर तासावर नेमलेले, म्हणजे सीएचबी. इथलं लेक्चर संपलं की लोकल पकडून दुसऱ्या कॉलेजात पळतात. खाली अनुदानित विभागातही निवृत्तांच्या जागा रिकाम्या, तिथेही सीएचबीच. तासावर शिकवणारे जर्मनीतही आहेत, पण अख्खा विभाग त्यांच्या जिवावर चालताना मी पाहिला नाही.

1983 साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. तेव्हा जागा हव्या होत्या आणि तिजोरीत पैसा नव्हता, हे मान्य. पण नवा विषय आला की तो विनाअनुदानितच असणार, ही सवय पुढे लागली ती लागलीच.

केंद्राने 2025-26 साठी उच्च शिक्षणाला सुमारे 50 हजार कोटी ठेवले. त्यातले 11 हजार कोटींहून जास्त 23 आयआयटींना. देशात उच्च शिक्षण घेणारी मुलं, 2021-22 च्या पाहणीनुसार, 4 कोटी 33 लाख. पवईची आयआयटी आणि कलिनाचं मुंबई विद्यापीठ एकाच शहरात आहेत, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसू नये. आयआयटीचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण भावजी भांडतात पवईशी, आणि त्यांची स्वतःची मुलगी कलिनाच्या छत्राखाली शिकते.

देशाच्या उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, हे कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. उद्या 6 टक्के आलेच, तर त्यातला रुपया त्या वरच्या मजल्यापर्यंत जिना चढेल का? मला शंका आहे. महाराष्ट्रात मुलींना फीमाफी 2024 साली झाली खरी, पण 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना. ताई-भावजींचे पगार मिळून त्या रेषेच्या जरा वर जातात.

निघायच्या दिवशी बॅगा खाली नेताना भावजींनी हळूच विचारलं, युरो सध्या कितीला आहे. भाचीच्या फीचा दुसरा हप्ता भरायचा होता.