‘रंग चुकीचे छापलेत’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. अर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन चित्रकाराचं हिवाळ्यातल्या चांदण्या रात्रीचं चित्र तुम्ही नणंदेच्या वास्तुशांतीला द्यायला आमच्याकडून फ्रेम करून नेलंत. आकाश गुलाबी, झाडं लाल, डोंगर निळे. पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारलं, ‘प्रिंटरची शाई संपली होती का?’ तुम्ही फोन केलात, तर दुकानातून ऐकायला मिळालं, ‘तुम्हाला मॉडर्न आर्ट कळत नाही.’

आधी त्या फोनबद्दल. बोलणारा मुलगा नवीन आहे, पण ही सबब नव्हे. पैसे मोजून चित्र घेणाऱ्याशी असं बोलायचं नसतं. त्याच्या वतीने मी माफी मागतो.

रंगांचं मात्र मला पटलं नाही. छपाई बरोबर आहे. उलट मॅट कागदावर लाल थोडा दबतो, त्यामुळे तुमच्याकडचा प्रिंट जरा सौम्यच म्हणायचा.

‘कोजागिरीला बघा, चांदणं असं असतं का?’ असं तुम्ही लिहिलंय. नसतंच. पण कोजागिरीला आपण दूध आटवत बसतो तेव्हा चंद्र डोक्यावर आलेला असतो. या चित्रातला चंद्र पहाटेचा, मावळतीचा आहे. किर्शनर तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ डोंगरात राहत होता. 1919 च्या जानेवारीत त्याने एका पत्रात कळवलं होतं की सकाळी साडेसहाच्या सुमारास पिवळा चंद्र मावळताना दिसला, लहान लहान गुलाबी ढग होते आणि डोंगर अगदी गडद निळे. थंडी एवढी, की रात्रभर शेगडी पेटती असूनही खिडकी गोठली होती. म्हणजे गुलाबी आणि निळा हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले रंग आहेत. झाडांचा लाल त्याने पदरचा घातला असावा, असं मला वाटतं. नुसता निळा शांत वाटतो, झोपेची खोली रंगवावी तसा. त्याला लाल भिडला की तोच निळा बोचायला लागतो.

आणि हा माणूस दाव्होसला हवापालटासाठी आलेला हौशी प्रवासी नव्हता. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला आणि 1915 मध्येच मनाने पार कोसळला. मग सॅनेटोरियमच्या वाऱ्या, औषधांचं व्यसन, आणि 1917 मध्ये हे डोंगर. ड्रेस्डेन आणि बर्लिनमध्ये असताना तो उघडी शरीरं आणि गर्दीचे रस्ते रंगवायचा. त्या सगळ्यानंतर, रात्र सरत आलेली असताना खिडकीबाहेर जे दिसलं, ते त्याने राखाडीत काढायला हवं होतं का?

तुम्ही ‘विकृत’ हा शब्द वापरलाय. रागाच्या भरात आला असेल, मी मनावर घेत नाही. पण या चित्राने तो आधीच ऐकलाय. नाझी सरकारने 1937 मध्ये ‘विकृत कला’ ठरवून जर्मन संग्रहालयांमधून एकट्या किर्शनरच्या 639 कलाकृती काढून घेतल्या. हे चित्र मागदेबुर्गच्या संग्रहालयातून गेलं आणि शेवटी अमेरिकेत डेट्रॉइटला पोचलं. किर्शनरने 1938 च्या जूनमध्ये आत्महत्या केली.

आता आमची चूक. ती तुमच्या रिव्ह्यूत नाही, पण तुम्ही टाकलेल्या फोटोत मला दिसली. मूळ चित्र जवळजवळ चौरस आहे, दोन्ही बाजू साधारण 120 सेंटीमीटर. आमच्या कारागिराने ते तयार आडव्या फ्रेमीत बसवायला वरून आकाशाचा चांगला चार बोटं पट्टा कापलाय. गुलाबी ढग अर्धे गेले, आणि खालच्या लालला वरून साथ देणारं काही उरलंच नाही. असं कापल्यावर झाडं भडक वाटणारच. पाहुणे हसले त्यात त्यांचा दोष नाही.

चौरस फ्रेमीत अख्खा प्रिंट नव्याने करून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत. तो पाहूनही नको वाटला, तर पूर्ण रक्कम परत मिळेल, किंवा त्याच किमतीचं दुसरं काहीही न्या. जुनी फ्रेम सोबत आणा म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. शक्यतो सकाळी या, दुकानात ऊन येतं तेव्हा. आमच्या ट्यूबलाइटखाली लाल नीट कळत नाही. मंगळवारी दुकान बंद असतं.